मृदंगाला रंग कोणता द्यावा?



या सदरात आपण बियाणे, खते, कीड-रोग यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतो. गावोगाव फिरताना भजनी मंडळाची माणसे हमखास विचारतात, "साहेब, मंडळाला नवा मृदंग घ्यायचा आहे. वर्गणी जमली आहे. लाल रंगाचा घ्यावा की पॉलिशचा?" मला मृदंग वाजवता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. पण लाकूड आणि लाकडाला लागणारी कीड यांच्याशी माझा संबंध जुना, म्हणून विचारत असावेत. आता महिला मंडळेही विचारू लागली आहेत, आणि त्यांचे प्रश्न अधिक नेमके असतात.

वर्गणीचा पैसा म्हणजे कोणी ज्वारीची पायली विकून दिलेला, कोणी मजुरीतून काढलेला. त्यातून आणलेले वाद्य दोन पावसाळ्यांत तडकले तर मंडळात कुरबुर सुरू होते आणि ज्याने खरेदी केली त्याच्यावर सगळे येते. म्हणून रंगाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. जाड खोडाच्या मृदंगाचा आवाज बाहेरच्या रंगाने फारसा बदलत नाही. आवाज असतो पुडीत, शाईत, वादीच्या ओढीत आणि खोडाचे तोंड किती सारखे तासले आहे त्यात. मग रंगाला महत्त्व का? रंगाने लाकूड एक तर दिसते, नाही तर झाकले जाते.

बाजारात तुम्हाला तीन तऱ्हा दिसतील. पहिली ऑइल पेंटची. तांबडा किंवा हिरवा रंग, त्यावर सोनेरी पट्टे. लांबून फार उठून दिसतो. पण रंगारी रंगाआधी लांबी भरतो, हे तुम्ही घराच्या दारे-खिडक्यांत पाहिलेच आहे. खोडाची भेग, गाठीचे भोक, किडीची छिद्रे हे सारे लांबीखाली गडप होते. शेजारच्या तालुक्यातील एका मंडळाने असाच झगझगीत मृदंग आणला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि सोनेरी पट्ट्याला आडवा छेद देत बोटभर लांबीची चीर उमटली. रंग खरवडला, तर आत जुनीच भेग निघाली. दुकानदार म्हणाला, तुम्ही उन्हात ठेवला असेल. आता कोण कोणाला पुरावा देणार?

दुसरी तऱ्हा लाखेच्या पॉलिशची. ही लाख आपल्याच रानातली. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीटक रस शोषतो आणि अंगावर राळेचे कवच करतो. तीच लाख. तिचे सर्वाधिक उत्पादन झारखंड आणि छत्तीसगडकडे होते, आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ सालापासून तिच्यावर संशोधन चालू आहे. आपल्या बांधावरचा पळस पाने आणि सरपण एवढ्यासाठीच आहे, असे समजू नका. असो. या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात देतात. लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. याचा मोठा गुण असा की नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे झिजलेली जागा खरवडत बसावे लागत नाही. दोष म्हणजे याला पाणी सोसत नाही. मृदंगाच्या डाव्या बाजूला कणीक लावतो, तिचे पाणी कडेला ओघळले की पांढरट डाग पडतात.

तिसरी तऱ्हा नुसत्या तेलाची. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि लाकडात घट्ट होते. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. चकाकी नाही, पण पापुद्रा निघत नाही, डाग लपतात आणि घरच्या घरी पुन्हा हात देता येतो. कुदळीच्या दांड्याला हेच तेल पाजणारी माणसे आपल्याकडे आहेत. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल मात्र लावू नका. ते सुकत नाही. चिकट राहते, धूळ धरते आणि वासाने उंदीर येतात.

माझा कौल विचाराल तर, नित्य वापराच्या आणि वारीत चालणाऱ्या मृदंगाला तेल, देवळातच राहणाऱ्याला पॉलिश. ऑइल पेंटचा घ्यायचाच असेल तर पुडी चढवण्याआधीचे कोरे खोड दाखवा, असे कारागिराला सांगावे. पंढरपूर किंवा आळंदीला स्वतः घडवणारे कारागीर भेटतात. थोडे थांबायची तयारी ठेवली तर ते दाखवतात. जो दाखवायला कां-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

कोऱ्या खोडात काय पाहावे? शिसव आणि खैर जड, गाभ्याचा रंग गडद. फणस पिवळा, पुढे तपकिरी होत जातो. आंबा हलका, फिकट आणि स्वस्त, पण किडीला लवकर बळी पडतो. कोणत्याही झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड किडीला आवडते, कारण त्यात पिष्ट असते, म्हणून गाभ्याचे लाकूड जास्त असलेले खोड निवडा. मग खोड पांढऱ्या कागदावर ठेवून थापटा. पिठासारखी भुकटी पडली तर आत भुंगेऱ्याची अळी जिवंत असू शकते. ते खोड फुकट मिळाले तरी घरी आणू नका, घराच्या वाशांना लागेल. दोन्ही तोंडांकडून आत डोकावा. ओले लाकूड तोंडाकडूनच तडकायला लागते, कारण तिकडून ओल सर्वांत लवकर उडते.

आता काही गावांत तरुण मुले बँड पथकासाठी ड्रमसेट घेतात. त्याचे पिंप बहुधा प्लायवूडचे असते. त्यावर रंगीत प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेला असतो, नाही तर सरळ लॅकर मारलेले असते. प्लास्टिकवर ओरखडे कमी दिसतात आणि पुसायला सोपे, म्हणून भाड्याने नेण्या-आणण्याला ते बरे. पण टेम्पोत उन्हात राहिले की सांधा सुटतो, फुगे येतात आणि पांढरा रंग पिवळट पडतो. सांधा सुटल्यावर तो ओढून काढू नका, खालचे लाकूड सालासारखे निघते. घेताना सांध्यावरून नख फिरवून पाहा. सांधा प्रेक्षकांच्या बाजूला नको, एवढे मुलांना सांगावे लागत नाही.

वापराने वाद्य झिजणारच. मांडीवर टेकते तिथला आणि हात पडतो तिथला रंग उडतो. खाली गठ्ठे घासतात. ही झीज शोभेची समजा, ती लपवायला दरवर्षी रंगाचे थर चढवू नका. चिंता करायची ती दुसऱ्याच गोष्टींची. वादीचे केस उठू लागले, शाईचे खवले निघाले, वाजवताना झिणझिण ऐकू आली, की कारागिराकडे न्यावे. नट-बोल्टच्या वाद्याला गंज आला तर आटे धरण्याआधी तेलाचा थेंब द्यावा.

चीर दिसली की एपॉक्सी भरण्याचा मोह होतो. चैत्र-वैशाखात लाकूड आटलेले असते, भेग रुंद झालेली असते. तेव्हा तिच्यात कडक लांबी ठासून भरली की आषाढात लाकूड फुगताना ती पाचरीसारखे काम करते आणि भेग लांबते. केसासारखी बारीक भेग असेल तर मऊ मेण चोळून सोडून द्या. आरपार गेली असेल तर घरी हात लावू नका.

वारीच्या दिवसांत प्लास्टिकची पिशवी घालावीच लागते, पण मुक्कामी पोचल्यावर ती काढा. ओले वाद्य पिशवीत राहिले तर कातड्याला बुरशी येते. सावलीत, वाऱ्याला ठेवा. चुलीशेजारी नको, पत्र्याच्या छताखाली टांगायला नको. आणि भजन संपले की कणीक त्याच रात्री खरवडून काढावी. कितीही उशीर झाला तरी. सकाळपर्यंत कणकेसकट कातडे कुरतडलेले मी पाहिले आहे.

तेलाचा हात द्यायची रीत सोपी आहे. कोरड्या हवेत खोड पुसून घ्या, जुना मळ बारीक काचकागदाने काढा. चिंधीने बेलतेलाचा पातळ हात द्या, पुडीवर आणि वादीवर थेंबही जाऊ देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी वरचे तेल कोरड्या कापडाने पूर्ण टिपून घ्या. राहिले तर चिकट थर जमतो. दोन-तीन दिवस जाऊ देऊन दुसरा हात, मग तिसरा. पुढे वर्षातून एकदा पुरे.

तेलाच्या चिंध्यांबद्दल मात्र घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात किंवा कडब्यात टाकला तर तो काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतो. काम झाले की चिंध्या बादलीत पाण्यात बुडवा, किंवा गोठ्यापासून लांब, अंगणात दगडावर एकेक पसरून वाळवा.