स्वयंपाकाची सोय आहे

पावसाळ्यात तीन महिने बंद असलेले मध्य प्रदेशातले व्याघ्रप्रकल्प १ ऑक्टोबरला उघडतात आणि पाठोपाठ इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांतले डबे उघडू लागतात. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली असते. कुणाच्या तरी मोबाइलवर जंगलातल्या कॉटेजचा फोटो येतो: दोन खोल्या, पडवी, पुढे साग, मागे साग. खाली एक ओळ असते, ‘स्वयंपाकाची सोय आहे’. घरातले पुरुष ही ओळ वाचून खूश होतात, कारण तीन दिवसांचे हॉटेलचे बिल वाचते. बायका तीच ओळ वाचून कागद-पेन शोधायला उठतात.

कागद म्हणजे बहुधा जुन्या लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू. तिच्यावर पोहे येतात, पोह्यांमागून सेव येते, सेवेमागून जिरावन येते. (पोह्यांवर जिरावन नसले तर माळव्यातला माणूस वाघ पाहूनही हळहळत परततो.) मग बाफल्यांसाठी जाडसर कणीक, तूरडाळ, तूप. लोणच्याच्या बरणीला आधी प्लास्टिक, मग रबर, मग पुन्हा पिशवी. तरी डिकीत तेलाचा डाग पडतो तो पडतोच. धाकट्याला जंगलात ताप आलाच तर मेतकूट-भात हवा, म्हणून मेतकूट. वाटेत खायला दशम्या, दशम्यांबरोबर लसणाची चटणी, आणि कोणी ती खाल्ली नाही तर गूळ. यादीच्या तळाशी दोनदा अधोरेखित केलेले कुकरचे रबर. मुक्काम तीन दिवसांचा, सामान पाच दिवसांचे. मधल्या दोन दिवसांचे स्पष्टीकरण एकच: ‘असू दे, लागलं तर!’

गोष्टीतली आजी तहानलाडू-भूकलाडू बांधून देऊन मोकळी व्हायची. कुकर बरोबर दिल्याचे कुठल्या गोष्टीत ऐकलेले नाही.

आमचे या विषयातले ज्ञान पुस्तकी नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका सोयीच्या ठिकाणी आम्ही सहकुटुंब उतरलो होतो. ओट्याच्या खणात अकरा चमचे निघाले, सांडशी एकही नाही. सुरीने टोमॅटो दाबला जाई, चिरला जात नसे. शेगडीला चुली दोन, त्यांतली पेटायची एक, आणि लायटर सोडून बाकी सगळे आम्ही आणलेले. चौकीदाराने खिशातली काडेपेटी पुढे केली आणि विचारले, “साहब, तीन दिन का आए हो या बदली हुई है?” सकाळी सगळे नदीकाठी गेले तेव्हा घरातली बाई चहाचे पातेले ओल्या फडक्याने उतरवत होती. नदीवर मोर दिसल्याचे तिला आम्हीच येऊन सांगितले.

जंगलात शिकारीला, सहलीला जाताना काय काय न्यावे, या प्रश्नाला या भागात निदान पाचशे वर्षांची परंपरा आहे. धारहून पस्तीसेक किलोमीटरवर मांडू. तिथे १४६९ साली गादीवर आलेला सुलतान घियासशाह खाण्याचा मोठा शौकीन. त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या, नासिरशाहच्या, काळात ‘नियामतनामा’ नावाचा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. समोशांचे नाना प्रकार, सरबते, अत्तरे, विड्याचे कौतुक, एवढेच नव्हे तर शिकारीला निघताना बरोबर काय सरंजाम असावा, याचाही त्यात विचार आहे. ही पोथी पुढे टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात गेली आणि तिथून लंडनला. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे सहलीच्या सामानाची आपल्या भागातली इतकी जुनी यादी पाहायची तर लंडनला जावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा बॅगा भराव्या लागतात.

पण त्या पोथीतली पन्नासेक चित्रे अधिक बोलकी आहेत. बहुतेक चित्रांत झुपकेदार मिशांचा सुलतान ऐसपैस बसलेला असतो. भोवती बायका. कोणी भांड्यात काही ढवळते आहे, कोणी ताट पुढे करते आहे. मागे झाडे, फुले, छान हिरवळ. फोटोतल्या कॉटेजच्या पडवीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेला, “चहा झाला का गं?” असे आत विचारणारा गृहस्थ तुम्ही पाहिला असेल, तर ही चित्रे मुद्दाम पाहायला नकोत. मिशा तेवढ्या गेल्या.

आणि ज्या बाईला या मुलखात खरेच सुट्टी मिळाली, तिने काय केले पाहा. १६१७ साली जहांगीर मांडूला मुक्कामाला होता. त्या मुक्कामात नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ लोळवले. बादशहाने खूश होऊन तिच्यावर हजार अश्रफी ओवाळून टाकल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. वाघ मारण्याचे समर्थन आम्ही करत नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्या दिवशी डाळीला किती शिट्ट्या झाल्या, हे तिला मोजायचे नव्हते. बादशाही मुक्कामाचा पसाराही आपल्याहून फार वेगळा होता असे नाही. एका तळाचा सरंजाम हलवायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाडे आणि शंभर हमाल लागत, असा अकबराच्या वेळचा हिशेब ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आपल्याकडे एक डिकी आणि वरचा कॅरिअर, म्हणून आपण पुढच्या सीटवर मांडीवर तुपाचा डबा घेऊन बसतो.

इंग्रजी अमदानीत वनखात्याची विश्रामगृहे झाली, तेव्हा निदान कामाची वाटणी साफ होती. दौऱ्यावरच्या साहेबाने शिधा आणायचा, खानसाम्याने तो शिजवायचा. आता शिधा आणणाऱ्यानेच शिजवायचा, आणि या बदलाला सोय म्हणतात.

दोन कुटुंबे मिळून गेली की काम वाटले जाते, असे म्हणतात. देवासकरांनी तरी यावर विश्वास ठेवू नये. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने एकाच गावात दोन राज्ये चालवली. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारभार, पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगळी. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली, पण सहलीत ती परंपरा चालू आहे. भाऊ भाऊ एका कॉटेजात उतरतात तेव्हा ओट्यावर दोन कुकर असतात, दोन मिसळणाचे डबे असतात आणि थोरल्या पातीचे तिखट धाकट्या पातीला जळजळते. चूल मात्र एकच पेटते. दोन्ही पात्यांचे कर्ते पुरुष बाहेर वाघाचे पंजे मोजत असतात.

यंदाही लोक जातील. देवास-सीहोरच्या हद्दीवर १९५५ सालापासून अभयारण्य असलेले खिवनी आहे, पचमढी आहे, पावसाने हिरवे झालेले मांडू तर घरचेच. कोणी जाऊ नये असे आम्ही मुळीच सुचवत नाही. कॉटेजवाल्यांना मात्र एक विनंती आहे. ‘स्वयंपाकाची सोय आहे’ या ओळीशेजारी ती कोणाची, हेही छापा. जागा कमी पडत असेल तर सागाच्या झाडाचा फोटो थोडा कापावा. पेटणाऱ्या चुली किती, तो आकडाही द्यावा.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. या वेळी यादी आमच्या हातची होती, त्यामुळे मीठ राहिले. सांडशी मात्र आठवणीने नेली होती. येताना ती तिथेच, ओट्याच्या उजव्या खणात, अकरा चमच्यांखाली राहिली. दांड्याला लाल सुतळी गुंडाळलेली आहे. कोणी तिकडे जाणार असेल तर खुशाल वापरावी.