अद्भुत पुस्तकें आणि आपलीं मुलें

गेल्या सत्रांत आमच्या एका विद्यार्थ्यानें शाळेच्या ग्रंथसंग्रहांतून जयंत नारळीकरांच्या कथांचें एक पुस्तक घरीं नेलें. चौथ्याच दिवशीं तें त्याच्या पालकांकडून परत आलें. सोबत चिठ्ठी होती कीं, मुलास जें खरें असेल तें वाचावयास द्यावें. कल्पित गोष्टींनीं अभ्यास बुडतो व बुद्धि भ्रमते. चिठ्ठी सभ्य होती, व लिहिणाऱ्याचा हेतुहि चांगलाच होता. तथापि तिचें उत्तर दुसऱ्या चिठ्ठींत मावण्याजोगें नसल्यामुळें तें आम्ही या वार्षिकांतून सर्वांसच देत आहों, आणि देतां देतां कोणतीं पुस्तकें वाचावीं हेंहि सांगून टाकणार आहों.

आरंभ आपल्या गांवापासूनच करूं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन नांवाचा रशियांतील त्वेर शहरचा एक व्यापारी, विकण्यासाठीं एक घोडा बरोबर घेऊन, समुद्रमार्गानें आपल्या चौल बंदरीं उतरला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यास स्तंभ उभारलेला आहे, आणि त्याजवळून जाणारींयेणारीं मुलें आमच्या वर्गांत बसतात. हा गृहस्थ मोठा चौकस होता. कोणता माल कोठें स्वस्त मिळतो, जकात किती जड आहे, लोक काय खातात व काय नेसतात, हें सर्व त्यानें टिपून ठेविलें. पुढें जुन्नरास तेथील खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला, तो त्यानें मोठ्या खटपटीनें परत मिळविला. असा हा सावध मनुष्य दक्षिणेंत आणखी आंत गेल्यावर लिहितो कीं, तेथें गुकुक नांवाचा एक पक्षी रात्रीं उडतो. तो ज्या घरावर बसेल त्या घरीं मनुष्य मरतो, व त्यास कोणी मारूं गेल्यास त्याच्या चोचींतून अग्नि निघतो. तो असेंहि लिहितो कीं, वानरांचा एक राजा असून त्याचें सैन्य आहे, आणि वानरांस कोणी छळलें तर तें सैन्य गांवावर चालून येतें. या गोष्टी त्यानें बाजारच्या हकीकतीशेजारींच, त्याच शाईनें लिहिल्या आहेत.

आतां प्रश्न असा कीं, निकितिनास हें कोणीं शिकविलें? कोणा कादंबरीकारानें खास नव्हे. ज्यानें सांगितलें त्यानें तें खरें म्हणूनच सांगितलें, व ऐकणाऱ्यास परक्या मुलखांत खरेंखोटें पडताळण्याचें साधन नव्हतें. कल्पित कथा लिहिणारा प्रथमच कबूल करतो कीं, हें मी रचलें आहे. आणि एवढी कबुली दिल्यावर वाचकाचा विश्वास बसावा म्हणून तो एकेक दुवा जुळवीत बसतो. अफवा पसरविणारा असा कांहींच श्रम करीत नाहीं. २०१२ सालच्या डिसेंबरांत जग बुडणार म्हणून ज्यांनीं मुलांस घाबरविलें, त्यांपैकीं किती जण विज्ञानकथा वाचणारे होते? हल्लीं तर गुकुक पक्षी मोबाईलवरून रोज घरांत येतो. आमचा अनुभव असा कीं, जीं मुलें अशा कथा पुष्कळ वाचतात तीं 'हें कसें शक्य होईल?' असें वर्गांत अधिक वेळां विचारतात, व त्यामुळें कधीं कधीं तास पुढें सरकत नाहीं. पण ती तक्रार आमची आहे, पालकांची नव्हे.

ज्या पुस्तकावरून हें सर्व निघालें त्याच्या लेखकाकडेच प्रथम वळूं. नारळीकर हे १९३८ सालीं कोल्हापुरास जन्मले व २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. खगोलशास्त्रांत त्यांचें नांव जगभर झालेलें होतें. असें असतां १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपण नांवानें, म्हणजे स्वतःचीं आद्याक्षरें उलट क्रमानें लावून! परीक्षकांनीं नांवाकडे न पाहतां कथेकडे पाहावें, हा हेतु. बक्षीस त्याच कथेस मिळालें. हा प्रसंग आम्हांस त्यांच्या कित्येक कथांइतकाच आवडतो.

त्यांच्या कथांपैकीं 'धूमकेतू' ही पालकांनीं अवश्य वाचावी. एका हौशी आकाशनिरीक्षकास नवा धूमकेतु सांपडतो, आणि मग गणितावरून दिसून येतें कीं तो पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ गुप्तपणें त्याचा मार्ग वळविण्याच्या उद्योगास लागतात. इकडे घरीं संकटनिवारणार्थ यज्ञ मांडला जातो. संकट टळल्यावर श्रेय कोणास मिळतें, हें आम्ही सांगत नाहीं. कथा लिहिली गेली तेव्हां ती निव्वळ कल्पना होती. परंतु २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें डार्ट नांवाचें यान डायमॉर्फस या लहानशा खगोलावर मुद्दाम नेऊन आदळविलें. आपल्या मोठ्या सोबत्याभोवतीं एक प्रदक्षिणा करण्यास त्याला पूर्वीं ११ तास ५५ मिनिटें लागत. टकरीनंतर तो अवधि ११ तास २३ मिनिटांवर आला. अशा रीतीनें खऱ्या आकाशांतील एका खगोलाचा मार्ग मनुष्यानें बदलून दाखविला.

'उजव्या सोंडेचा गणपती' ही दुसरी कथा. ती वाचण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, एका टोकास अर्धा पीळ द्यावा व दोन्ही टोकें चिकटवावीं. मग पट्टीच्या मधोमध पेन्सिलीनें रेघ ओढीत जावें. हात न उचलतां ती रेघ कागदाच्या दोन्ही अंगांस उमटून जेथून निघाली तेथेंच येऊन मिळते, कारण या पट्टीस बाजू एकच असते. अशा पृष्ठावरून सरकत एक फेरी करून आलेल्या चपट्या आकृतीचें डावें तें उजवें होतें. जाड वस्तूस, किंबहुना जिवंत माणसास, असा पीळ लाभला तर काय होईल, हा त्या कथेचा गाभा होय. भूमितीचा तास ज्यांस कंटाळवाणा वाटतो त्यांस आम्ही हीच कथा देतों. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनीं 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचावें. तींत १७६१ च्या लढाईंत मराठे विजयी झाले असते तर आज काय दिसलें असतें, तें आहे.

लहान इयत्तांतील मुलांनीं मात्र आरंभ भा. रा. भागवतांपासून करावा. फास्टर फेणे सर्वांस ठाऊकच आहे. परंतु भागवतांनीं (१९१०–२००१) ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या मराठींत आणून जें काम केलें, तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हीं पुस्तकें भाषांतरित आहेत असें वाचतांना मनांतहि येत नाहीं. कोर्लईच्या किल्ल्यावरील तोफा ज्या मुलानें पाहिल्या आहेत, त्यास तोफेंतून माणसें चंद्राकडे उडविण्याची व्हर्नची कल्पना चटकन् पटते. १८६५ सालच्या त्या कादंबरींत तिघे प्रवासी फ्लॉरिडांतून निघतात, आणि तिच्या उत्तरभागांत पॅसिफिक महासागरांत उतरतात. १९६९ सालीं अपोलो ११ मधील तिघे अंतराळवीरहि फ्लॉरिडांतूनच निघाले व पॅसिफिकमध्येंच उतरले. व्हर्नची चूक एवढीच कीं, तोफेच्या पहिल्याच धक्क्यानें आंतील प्रवाशांचा चुराडा झाला असता. अशा चुका शोधून काढणें हें मुलांस फार आवडतें. अदृश्य झालेल्या माणसाच्या डोळ्यांतून प्रकाश आरपार जाईल, मग त्यास दिसेल कसें? एच. जी. वेल्सची 'अदृश्य मनुष्या'वरील कादंबरी वाचून हा प्रश्न ज्यास आपण होऊन सुचला, त्यास प्रकाशाचें प्रकरण निराळें शिकवावें लागत नाहीं.

व्हर्नच्या नॉटिलस पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र असून १८५७ च्या युद्धांत लढलेला होता, असें १८७५ सालच्या 'गूढ बेटा'च्या कादंबरींत उघड होतें. हें आपल्याकडील फार थोड्या वाचकांस ठाऊक असतें. खाडीच्या तोंडाशीं होड्या हाकणाऱ्यांच्या मुलांस तें प्रथम कळतें तेव्हां त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावें!

जादूच्या कथांविषयीं आमच्या कांहीं ख्रिस्ती पालकांस वेगळी शंका असते, ती अशी कीं, त्यांनीं मुलांस जादूटोण्याचें वेड लागेल. त्यांस आम्ही आठवण देतों कीं, मिशनच्या आरंभींच्या काळांत, १८४१ सालीं, हरि केशवजींनीं बन्यनच्या ग्रंथाचें 'यात्रिकक्रमण' म्हणून भाषांतर केलें, आणि त्यांत राक्षसहि आहे व संशयाचा किल्लाहि आहे. सी. एस. लुईस हा तर श्रद्धाळू ख्रिस्ती लेखक. त्याच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत कपाटामागें हिमाच्छादित राज्य आहे व चेटकीणहि आहे. इकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानास अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणण्यांत कमीपणा वाटला नाहीं. हॅरी पॉटरचीं पुस्तकें मराठींत मिळतात. त्यांपैकीं पहिलीं तीन आम्ही निःशंकपणें देतों, पुढचीं मात्र मूल थोडें मोठें झाल्यावर द्यावींत, कारण तीं उदास आहेत व लांबहि फार. नारायण धारपांच्या भयकथा शालांत परीक्षेनंतर वाचाव्या, आणि ज्यास रात्रीं सुपारीच्या वाडींतून एकट्यानें घरीं जावें लागतें त्यानें त्या दिवसाच वाचाव्या. लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्या विज्ञानकथा वरच्या इयत्तांस योग्य आहेत. त्यांविषयीं सविस्तर पुढील वर्षीं लिहूं.

चिठ्ठी पाठविणाऱ्या पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं एखाद्या शनिवारीं शाळेंत यावें, 'धूमकेतू' तेवढी येथें बसून वाचावी, आणि मग पुस्तक घरीं न्यावें कीं नाहीं तें ठरवावें. त्यांच्या चिरंजीवांस आतां तें नेण्याची तशी गरज उरलेली नाहीं. त्या चार दिवसांत त्यानें तें दोनदां वाचून संपविलें होतें, असें त्यानें आम्हांस मागाहून सांगितलें.