चाकांवरचं जुनं घर घेताना

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या नशिबी मात्र ‘घर पाहावं ओढून’ आलं!

ह्यांचं काम टेक्ससमध्ये पवनचक्क्या उभारण्याचं. एका जागी सात-आठ महिने, की चालले पुढच्या गावाला. दोन वर्षं मी आणि चिमी शहरातल्या भाड्याच्या घरात, आणि हे कुठल्यातरी मोटेलात. दोन बिऱ्हाडांचं भाडं भरता भरता माझा अर्ध्या वेळच्या शिकवणीचा पगारही पुरेना. त्यात चिमी ह्यांना ‘फोनमधले बाबा’ म्हणायला लागली. तेव्हा ठरवलं, मोटारीमागे ओढून न्यायचं जुनं ट्रेलर-घर घ्यायचं. हाताशी ८,००० डॉलर, वर एक पैसा नाही.

पहिलंच घर पाहिलं आणि मी हुरळून गेले. पांढराशुभ्र रंग, नवे पडदे, इवलासा ओटा. मनातल्या मनात डबेसुद्धा मांडून मोकळी झाले! पण पलंगाखालचा कप्पा उघडला, तर कुबट वास. कोपऱ्यात अंगठा दाबला, तर भिंत चहात बुडवलेल्या खारीसारखी दबली. छपरातून पाणी मुरून आतला लाकडी सांगाडा कुजला होता. नवा रंग म्हणजे नुसतं पांघरूण. परतीच्या वाटेवर मला रडूच आलं. पण त्या दिवसापासून बघायचं कसं, ते कळलं. तुमच्यापैकी कोणाची लेक-सून इकडे असेल, तर तिला एवढं जरूर सांगा.

१) आधी पाणी, मग बाकी सगळं. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर घर पाहा. खिडक्यांच्या कडा, छताचे कोपरे, न्हाणीघराजवळची जमीन दाबून बघा. छपरावर चढून सांधे तपासा. कुजका सांगाडा दुरुस्त करणं घराच्या किमतीपेक्षाही महाग पडू शकतं.

२) टायरची जाडी पाहून फसू नका. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर बराच काळ उभा राहतो, त्यामुळे टायर झिजत नाही. पण उन्हाने तडकतो.

३) फ्रीज गॅसवरचा असेल, तर मालकाला आदल्या रात्रीच सुरू करायला सांगा. तो थंड व्हायला बरेच तास घेतो. शेगडी, गिझर, दिवे, नळ समोर चालवून बघा. गॅसगळतीची घंटाही ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. तिच्यावरची तारीख वाचा.

४) ट्रेलरवरचा क्रमांक आणि मालकीच्या कागदावरचा क्रमांक ताडून पाहा. आपली मोटार किती वजन ओढू शकते, तेही आधी बघा. सामान भरलं की ट्रेलर जड होतो.

५) उभं कुठे करणार, ते आधी ठरवा. दहा वर्षांपेक्षा जुनी घरं काही ट्रेलर-पार्कवाले घेतच नाहीत. काही जण फोटो पाहून होकार देतात. आम्ही फोन करकरून दोन जागा पक्क्या केल्या, मगच पैसे दिले.

चौथं पाहिलेलं घर आम्ही घेतलं. १९९८ सालचं, २४ फुटी, पडदे अगदी चिखलाच्या रंगाचे. पण कोरडं ठणठणीत! ५,५०० डॉलर पडले. उरलेले टायरला आणि छपराच्या सांध्यांना गेले. सगळे पैसे खरेदीतच घालवू नका, असं म्हणते ते ह्याचसाठी.

थंडीत भिंती पातळ वाटतात, नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना गुंडाळावं लागतं. पोळ्या लाटताना कोपर भिंतीला लागतं. पण संध्याकाळी दार वाजलं, की चिमी धावते. फोनकडे नाही, दाराकडे.

तिकडे जुना ब्लॉक घेतानाही हेच करा हं. रंगाचं कौतुक नंतर; आधी अंगठा दाबून बघा.