चुकलं तर किंमत कोण मोजतं?

गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या जालना जिल्ह्यात तीर्थपुरीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात. त्याच सुमारास पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाहेरची माणसं आलीत, मोटारी सांभाळा." विहिरीवरची मोटार किंवा केबल चोरीला गेली की ऐन पाण्याच्या पाळीत शेतकऱ्याचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हे बोलणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. पण त्याच्या वाक्याचे दोन तुकडे करावेत असं मला वाटतं. मोटारी सांभाळा, हे शहाणपणाचं. आणि बाहेरची माणसं आलीत म्हणून सांभाळा, इथून घात सुरू होतो.

माणसाबद्दल आधीच मत बनवणं कधी उपयोगी असतं का? असतं. रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला, साप कोणी पाहिला नाही, तर डॉक्टर तो विषारी असेल असं धरून रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. अंदाज खोटा ठरला तर रुग्णाची एक रात्र दवाखान्यात जाते, एवढंच. मुकादम उचल देण्याआधी मागच्या हंगामात जोडी शेवटपर्यंत टिकली का, हे विचारतो. तोही अंदाजच, पण त्या माणसाच्या स्वतःच्या वागण्यावरून बांधलेला. आडनावावरून किंवा पालावरून नव्हे.

माझी कसोटी साधी आहे. अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला? मी माझ्या दाराला कुलूप लावलं आणि चोर आलाच नाही, तर माझं काही बिघडलं नाही, दुसऱ्याचंही नाही. पण माझ्या संशयाचा भुर्दंड दुसऱ्याने भरायचा असेल, तर तो संशय बाळगून त्यावर वागण्याचा अधिकार मला कोणी दिला?

हा भुर्दंड केवढा असू शकतो, हे एका प्रकरणात दिसतं. जून 2003 मध्ये नाशिक भागात एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, त्यांतल्या एका मुलीवर बलात्कार झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना आरोपी केलं. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. पुढे 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही निष्पन्न झालं होतं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नाही. हे गरीब, भटक्या जमातीतले मजूर आहेत आणि अशांना खोटं गोवलं जाणं नाकारता येत नाही, असं न्यायालयाने निकालात लिहिलं. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. ज्या कुटुंबाची माणसं गेली, त्यालाही या संशयाने काही दिलं नाही. सहा माणसं हाताशी आली आणि खऱ्याखुऱ्या गुन्हेगारांचा माग थंड पडला. "काही म्हणा, अशा संशयाने निदान गुन्हा तरी उघडकीला येतो" असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

हा संशय आकाशातून पडलेला नाही. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्ह्याची नोंद चिकटवली. हजेरी, वसाहती, परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी नजर त्यांतून वावरत राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या अशा नोंदी काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये सांगावं लागलं.

आणि पोलिसांवरच सगळं ढकलून आपण सुटत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाइलवर मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. त्यांची कागदपत्रं बघण्याइतका, पोलिसांना फोन करून वाट बघण्याइतका वेळ त्या बाजारात कोणापाशी नव्हता का? आपल्या लेकरांची काळजी खरीच होती, हे मी मानतो. ती काळजी मुलाचा हात धरायला पुरेशी होती. तेवढं केलं असतं तरी मुलं सुरक्षित राहिली असती.

म्हणून यंदा मोटार चोरीला गेली, तर पोलीस पाटलाला सांगा, ठाण्यात तक्रार नोंदवा, वायर कोणी विकत घेतली ते भंगारवाल्यांकडे विचारा. कोपीकडे जायचंच असेल तर तिथल्या लेकरांची नावं शाळेच्या हजेरीपटावर आहेत का, ते विचारायला जा. आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं दर वर्षी दुसऱ्यांच्या शिवारात कोप्या बांधतात, आणि तिथेही कोणीतरी पारावर बसून "बाहेरची माणसं आलीत" म्हणतच असणार.