पंच हेतू विचारत नाही

फुटबॉलला पिवळं आणि लाल कार्ड रस्त्याने दिलं. 1966 च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँटोनिओ रॅटिन याला बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रॅटिन कित्येक मिनिटं मैदान सोडायला तयार होईना. इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना त्या सामन्यात ताकीद मिळाली होती, हे तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून कळलं. त्या स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी केन ॲस्टन या इंग्लिश पंचाकडे होती. या गोंधळाचा विचार करत ते लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून गाडी चालवत होते. समोरचा सिग्नल पिवळा झाला, मग लाल झाला, आणि त्यांना उपाय सुचला: पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे बाहेर. 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ही कार्डं पहिल्यांदा पंचांच्या खिशात आली.

त्याच 1966 साली ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,985 माणसं मेली. शांततेच्या काळातला हा इथला उच्चांक. पुढे 1967 मध्ये श्वासातली दारू मोजण्याची चाचणी आली, 1983 मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला, गाड्या आणि रस्ते सुधारले. वाहनं खूप वाढूनही 2023 मध्ये हा आकडा 1,624 वर आला. ही मोठी कमाई आहे आणि ती नियमांची कमाई आहे. तरीही रोज सरासरी चार-पाच माणसं घरी परतत नाहीत, आणि आपण ते हवामानासारखं सोसतो. माझं म्हणणं असं आहे की खेळाडूचं शरीर जपायला फुटबॉलने एक कसोटी ठरवली, ती मैदानात आपल्याला मान्य असते आणि गाडीत बसताच आपण ती विसरतो.

फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम फाउलबद्दल आहे. त्यात पायऱ्या आहेत. खेळाडू नुसता निष्काळजी असेल तर फ्री किक. समोरच्याला असलेल्या धोक्याची पर्वा न करता खेळला तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावला, किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात येईल असा टॅकल केला, तर लाल कार्ड. या सगळ्यात ‘मुद्दाम केलंस का?’ हा प्रश्न कुठेच नाही. ‘लागलं का?’ हा प्रश्नही नाही. लाथ मारणं जसा फाउल, तसा लाथ मारायचा प्रयत्न करणं हाही फाउलच. बुटाचे खिळे वर करून कुणी झेपावला आणि समोरचा वेळेवर उडी मारून वाचला, तरी लाल कार्ड निघतं आणि निघायलाच हवं.

मी आर्सेनलची चाहती आहे, त्यामुळे ही कसोटी मी फार जवळून पाहिली आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये बर्मिंगहॅमच्या मैदानावर तिसऱ्याच मिनिटाला मार्टिन टेलरच्या टॅकलने एदुआर्दोचा पाय मोडला. दोन वर्षांनी स्टोकमध्ये रायन शॉक्रॉसच्या टॅकलने एकोणीस वर्षांच्या ॲरन रॅमसीचा पाय मोडला. दोन्ही वेळा लाल कार्ड निघालं. शॉक्रॉस रडत मैदानाबाहेर गेला. त्याच्या दुःखाबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. अशा प्रत्येक प्रसंगानंतर समालोचक, प्रशिक्षक आणि सहकारी एक वाक्य हमखास म्हणतात: ‘तो तसा खेळाडू नाही.’ नसेलही. पण पंचाने खेळाडूचा स्वभाव तपासलेला नसतो, त्या क्षणी त्याने काय केलं ते पाहिलेलं असतं. स्वभावाने गरीब खेळाडूच्या पायानेही हाड मोडतं.

रस्त्यावर मात्र आपण नेमका स्वभाव तपासतो. अपघाताची बातमी येते आणि आपल्या बैठकीत पहिलं वाक्य असतं, ‘माणूस चांगला आहे हो.’ मग ‘एकच क्षण नजर हटली’, ‘घाईत होता’, ‘मुद्दाम थोडीच केलं?’ इथला, ब्रिटनचा, कायदासुद्धा हेतू विचारत नाही. सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्या खाली गेलं की निष्काळजी चालवणं, खूपच खाली गेलं की धोकादायक चालवणं. धोकादायक चालवण्याने कुणाचा जीव गेला तर 2022 पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे कायदा फुटबॉलच्या बारकाईने लिहिला आहे. ढिलाई आपल्या बोलण्यात आहे, आणि आपलं बोलणंच मुलं ऐकत मोठी होतात. मांडीवरच्या फोनवर मेसेज वाचणारा बाप सुखरूप घरी पोहोचला तर घरात कुणी काही बोलत नाही. खिळे वर करून केलेल्या टॅकलला मात्र तोच बाप टीव्हीसमोर उभा राहून ‘रेड! रेड!’ ओरडतो. दोन्हींत समोरच्याचा जीव धोक्यात होता आणि दोन्हींत तो नशिबाने वाचला.

शिक्षेची अंमलबजावणीही फुटबॉलकडून शिकण्यासारखी आहे. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या एकोणीस सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की खेळाडू पुढचा सामना बाहेर बसतो. तो कर्णधार आहे, त्याच्याविना संघ हरेल, सामना नेमका कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमशी आहे, यातलं काहीही ऐकलं जात नाही. इथल्या वाहन परवान्याची रचना तशीच आहे: वेगमर्यादा ओलांडली की कमीत कमी तीन गुण, हातात फोन धरला की सहा, आणि तीन वर्षांत बारा झाले की परवाना स्थगित. पण ‘परवाना गेला तर असाधारण हाल होतील’ असं न्यायालयाला पटवून, बारा किंवा जास्त गुण असूनही गाडी चालवणारे हजारो लोक या देशात आहेत. कुणाची नोकरी जाऊ नये हे मलाही वाटतं. पण बारा गुणांपर्यंत पोहोचायला त्या माणसाला पुन्हा पुन्हा इशारा मिळालेला असतो. त्याच्या हालांचा विचार करताना, त्याच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्यांची बाजू न्यायालयात मांडायला कुणीच नसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतके नियम आले की मजा जाते. फुटबॉलबद्दलही हेच म्हटलं जात होतं. 1966 मध्ये बल्गेरिया आणि पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला अक्षरशः तुडवला आणि जगातला सर्वोत्तम खेळाडू लंगडत स्पर्धेबाहेर गेला. 1982 मध्ये इटलीच्या जेंटिलेने एका सामन्यात मॅराडोनाला फाउलवर फाउल करून जखडलं. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये अंदोनी गोईकोएचेआने त्याचा घोटाच मोडला. 1998 च्या विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड द्यायचं ठरलं, तेव्हा ‘हा मर्दांचा खेळ राहणार नाही’ अशी ओरड झाली. झालं उलटंच. लहान चणीच्या, चेंडूवर प्रेम करणाऱ्या खेळाडूंना मैदान मोकळं झालं. मेस्सीला वीस वर्षं खेळताना पाहायला मिळालं, त्यात त्याच्या प्रतिभेइतकाच त्या संरक्षणाचा वाटा आहे. धसमुसळेपणाला लगाम घातल्याने खेळाचं स्वातंत्र्य कमी झालं नाही. ते तुडवणाऱ्याकडून खेळणाऱ्याकडे गेलं.

रस्त्यावर हेच घडवायचं आहे. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 30 ऐवजी 20 मैलांची मर्यादा आली. तिच्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. इथल्या आपल्या मराठी माणसांतल्याही अनेकांना ती जाचक वाटते. हायवे कोड या ब्रिटिश वाहतूक नियमावलीतले आकडे फुटबॉलच्या मैदानावर मांडून पाहा. ताशी 20 मैलांवर धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत 12 मीटर लागतात, 30 वर 23 मीटर. पेनल्टी क्षेत्राची खोली साडेसोळा मीटर असते. समजा गोलरेषेवर एक मूल आलं आणि गाडी पेनल्टी क्षेत्राच्या कडेला आहे. वीसने येणारा चालक मुलापासून चार मीटरहून जास्त अंतरावर थांबतो. तीसने येणाऱ्याचे पहिले नऊ मीटर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतात, आणि गणित केलं तर तो मुलावर आदळतो तेव्हाही त्याचा वेग ताशी वीस मैलांच्या आसपास असतो. दोघंही चांगले चालक आहेत, दोघांचंही लक्ष रस्त्यावर आहे. फरक फक्त आधी निवडलेल्या वेगाचा. वेल्समध्ये पहिल्या वर्षातच अशा रस्त्यांवरच्या मृत आणि जखमींची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटली. जे वाचले त्यांत कुणाची तरी आजी आहे, कुणाचं तरी शाळेतून येणारं लेकरू आहे. त्यांना रस्ता मोकळा झाला.

दुसरा आक्षेप जास्त निराशेचा आहे: माणसं अशीच असतात, विशेषतः आपल्याकडची. इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रेक्षकांबद्दल अगदी हेच म्हणत असत. 1989 मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, 97 जीव गेले, आणि दोष लिव्हरपूलच्या दारुड्या प्रेक्षकांवर ढकलला गेला. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीने पोलिसांच्या नियंत्रणाकडे आणि मैदानाच्या रचनेकडे बोट दाखवलं, आणि 2016 मध्ये ज्युरीने प्रेक्षकांना पूर्ण निर्दोष ठरवलं. मधल्या काळात कुंपणं निघाली, मोठ्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची आली. प्रेक्षकांचा स्वभाव तोच होता, जागा बदलली आणि माणसं जगली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही 2016 पासून सेव्हलाइफ फाउंडेशन आणि सरकारी यंत्रणांनी मिळून कठडे, उघडे खांब आणि धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, गस्त आणि रुग्णसेवा सुधारली. तिथले मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चालक तेच, आपलेच.

म्हणून ‘इंडियात असंच चालतं’ हे वाक्य मला सहन होत नाही. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला. मागच्या सीटवर बसलेल्या त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तरीही लंडनमध्ये कारसीटशिवाय लेकराला पाच मिनिटंही न नेणारे आपण मुंबई विमानतळावर उतरलो की त्याच लेकराला मांडीवर घेऊन रात्रीच्या टॅक्सीने पुण्याला निघतो. मागचा पट्टा सीटच्या कव्हरखाली गाडलेला असतो आणि तो काढायला सांगायचा आपल्याला संकोच वाटतो. मी कोल्हापूरची आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या संघांवर पेठाच्या पेठा जीव टाकतात. शाहू स्टेडियमवर शिनगार्डशिवाय पोरगा मैदानात उतरला तर पंच त्याला बाहेर पाठवतो, आणि कुणी वाद घालत नाही. सामना जिंकला की तीच पोरं ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय, झेंडे फडकवत निघतात आणि कडेला उभे असलेले मोठे लोक कौतुकाने हात हलवतात. नडगी जपायचा नियम मान्य आणि डोकं जपायचा जाच, हे आपण मोठ्यांनी त्यांना शिकवलं आहे.

तेव्हा इथल्या आपल्या मराठी मंडळाकडे माझ्या काही मागण्या आहेत. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांना सभागृहाबाहेर दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, काही फुटपाथवर चढतात, आणि अंधारात मुलं त्यांच्यामधून पळतात. तिथे चकाकणारी जाकिटं घातलेले स्वयंसेवक हवेत आणि फुटपाथवरची गाडी हलवल्याशिवाय आरती सुरू होऊ नये. सभागृहासमोर पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग आणि 20 ची मर्यादा मागणारं पत्र मंडळाने काउन्सिलला पाठवावं. 2026 च्या विश्वचषकाचे सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असल्याने इथे त्यांतले बरेच रात्री उशिरा दिसतात. एकत्र सामना पाहायचा असेल तर गाडी कोण चालवणार आणि पिणार नाही हे पहिल्या शिट्टीआधी ठरावं, आणि रात्री प्यायलेल्यांनी सकाळी लवकर स्टिअरिंगला हात लावू नये, कारण झोपेने दारू उतरतेच असं नाही. भारतात जाताना टॅक्सी ठरवतानाच मागचे पट्टे चालू आहेत का, हे विचारायची सवय आपण एकमेकांना लावू या.

आणि कुणी अपघाताची किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताची गोष्ट सांगू लागलं, तर माणूस कसा आहे याची चर्चा बाजूला ठेवून विचारू या, समोरच्याचा जीव धोक्यात आला होता का? आला असेल तर ते तसं स्पष्ट म्हणू या, मग समोर आपला भाऊ असो वा अध्यक्ष. फुटबॉलने हे धाडस केलं म्हणून आज तो जास्त सुंदर खेळला जातो. कार्यकारिणीने हा विषय गणेशोत्सवाच्या नियोजनाच्या बैठकीत घ्यावा, ही माझी जाहीर विनंती. सभागृहाबाहेरच्या स्वयंसेवकांच्या यादीत माझं नाव आजच लिहून घ्यावं.