खेकडा मोजला, खेकडेवाला कोणी मोजला?



कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांनी अमेरिकेतल्या खेकड्यांची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. करावी, कारण निसर्गाच्या भरवशावर पोट भरणाऱ्याचा हिशेब सरकार कसा मांडते, ते तिथे उघडे पडले आहे.

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात हिमखेकडा सापडतो. तो कोणी पेरत नाही, पाळत नाही. १९७५ पासून दर उन्हाळ्यात सरकारी मोजणीच्या बोटी ठरलेल्या साडेतीनशेहून अधिक ठिकाणी जाळे ओढतात, नर, मादी, पिल्ले वेगवेगळी मोजतात. त्यावरून वर्षाचा कोटा निघतो. मादी धरायची नाही, लहान नर धरायचा नाही, हंगामाबाहेर सापळा टाकायचा नाही. ही पद्धत चांगली, हे आम्ही मान्य करतो. आपल्याकडे पैसेवारी कशी लागते, ते तुम्हाला सांगायला नको!

पण पुढे काय झाले? २०१८ च्या मोजणीत पिल्लांची रेलचेल होती. २०१८ आणि २०१९ ला समुद्र तापला. पाणी तापले की या जिवाची भूक वाढते. दाटी झाली, अन्न पुरले नाही, खेकडे उपाशी मेले. २०२० ला करोनामुळे मोजणीच झाली नाही, तरी कोटा दिला ४.५ कोटी पौंडांचा! २०२१ ला जाळे ओढले तर समुद्र रिकामा. १००० कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोटा ५६ लाख पौंडांवर आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये हा धंदा पहिल्यांदाच पूर्ण बंद झाला. दोन हंगाम बंद राहून २०२४ मध्ये ४७ लाख पौंडांवर तो पुन्हा उघडला.

बंदी चूक होती, असे आम्ही म्हणत नाही. बियाणेच खाऊन टाकले तर पेरायचे काय? पण समुद्र खेकडेवाल्याने तापवला नव्हता. मोजणीही त्याने चुकवली नव्हती. भोग मात्र त्याच्या माथी. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आपत्ती जाहीर केली. पण आपत्ती जाहीर झाली म्हणून चूल पेटत नाही.

आणि खेकडे होते तेव्हा तरी तो मोकळा होता काय? २००५ मध्ये पकडीचे हक्क वाटले गेले. ते मुख्यतः बोटमालकांना मिळाले, कप्तानांना ३ टक्के, डेकवर राबणाऱ्या खलाशाला काहीच नाही. मालकांच्या कोट्यातला ९० टक्के माल हक्कदार कारखान्यांनाच घालायचा! एकाधिकार खरेदी भोगलेल्या कापूसवाल्याला याचा अर्थ लगेच कळेल.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मोजणी जरूर करा. ज्या वर्षी ती चुकेल त्या वर्षी हात आखडा. बंदी घालाल त्याच दिवशी कर्जाचे हप्ते थांबवा. माल कोणाला विकायचा, ते पकडणाऱ्याला ठरवू द्या. समुद्रात खेकडा किती उरला हे मोजता, तसा किनाऱ्यावर माणूस किती उरला, तेही मोजा.

समुद्रावर जो न्याय, तोच बांधावर!