विश्लेषण : शाळकरी मुलांची सर्दी दहा दिवस का रेंगाळते?

‘औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतले तर आठवड्यात’ हा विनोद आपल्याकडे जुना आहे. मोठ्यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा. पण शाळकरी मुलांना तो आठवडाही अपुरा पडतो. घोळ होतो तो याच हिशेबात.

दिवसागणिक काय घडते?

बहुतेक सर्दी-पडशामागे ऱ्हायनोव्हायरस असतो. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली तरी दुसरा रांगेत असतोच. जूनमध्ये शाळा उघडतात, एका बाकावर दोघे-तिघे बसतात, पाण्याच्या बाटल्यांची अदलाबदल होते आणि घरोघरी शिंका सुरू होतात.

आधी घसा खवखवतो, मग नाक वाहू लागते. ताप-डोकेदुखी आलीच तर सुरुवातीला येते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. चोंदलेले नाक आणि खोकला मात्र मागे राहतो. 2008 मध्ये शाळकरी मुलांवरील एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहाव्या दिवशीही सुमारे पाऊणशे टक्के मुलांमध्ये काही ना काही लक्षणे शिल्लक होती. म्हणजे नवव्या दिवशी खोकणारे मूल ‘अजून बरे झाले नाही’ असे नसते. ते वेळापत्रकानुसार बरे होत असते.

शेंबूड हिरवा झाला म्हणजे?

चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि ‘इन्फेक्शन वाढले’ म्हणून पालक धास्तावतात. खरे तर विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये लोहयुक्त, हिरवट रंगाचे विकर असते. रंग त्याचा. त्यावरून जिवाणूसंसर्ग ठरत नाही.

तरीही सहाव्या दिवशी अँटिबायोटिकची बाटली घरी येते. आठव्या-नवव्या दिवशी मूल आपसूक सावरते आणि श्रेय बाटलीला जाते. पुढच्या वेळी आईच दुकानदाराला नाव सांगून तीच आणते. विषाणूवर या औषधांचा काडीचाही परिणाम होत नाही. जुलाब होतात आणि मुलाच्या शरीरातले जिवाणू तेवढे निर्ढावतात. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. आई-वडिलांची रजा संपलेली असते, परीक्षा तोंडावर असते आणि शंभर टक्के उपस्थितीचे प्रमाणपत्र देणाऱ्या शाळाही आहेतच. (ते प्रमाणपत्र बंद केले तर वर्गातली निम्मी सर्दी कमी होईल, असे गमतीने म्हणावेसे वाटते.)

खोकल्याच्या औषधांचे काय?

इथे प्रश्न जिवाचा आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे बजावले. शाळकरी वयातही या सिरपने सर्दीचा एक दिवसही कमी होत नाही. जे औषध आजार आटोक्यात आणत नाही, त्यासाठी एवढी जोखीम का पत्करायची?

त्यापेक्षा झोपताना चमचाभर मध (एक वर्षाखालील बाळाला मात्र नाही), नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी आणि झोप पुरते. तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल. उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणे टाळावे. पातेले कलंडून मुले भाजतात.

डॉक्टरांकडे केव्हा धावायचे? श्वास भरभर चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल तर त्याच क्षणी. कान ठणकत असेल, चढा ताप तीन दिवस हटत नसेल, दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला असेल, तरी दाखवायलाच हवे. त्यासाठी पहिली शिंक कोणत्या दिवशी आली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर विचारतील तेव्हा ‘झाले असतील बरेच दिवस’ असे मोघम सांगावे लागणार नाही.